आमचा शिवाजीराव, त्यांचा रजनीकांत

मूळचे बीदर जिल्ह्यातील चिटगुप्प्याचे आणि पोटापाण्यासाठी गोव्यात येऊन राहिलेले आमचे एक वाचक अधूनमधून आम्हांस पत्रे लिहितात. पत्राची भाषा मराठी असते, वळण थोडे कानडी असते, आणि मुद्दा बहुधा असा असतो की उत्तर देण्यापूर्वी जरा सावरून बसावे लागते. त्यांच्या ताज्या पत्राचे निमित्त रजनीकांत हे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये या नटाच्या चित्रपटप्रवेशास पन्नास वर्षे पूर्ण झाली, त्याच महिन्यात ‘कुली’ हा त्यांचा चित्रपट झळकला, आणि मराठी वर्तमानपत्रांनी रिवाजाप्रमाणे ‘मूळचा मराठमोळा शिवाजीराव गायकवाड’ याचे स्मरण वाचकांस करून दिले. पत्रलेखकाचा एक पुतण्या चिटगुप्प्यास आहे. घरात तो मराठी बोलतो, शाळा कानडीतून शिकला, बाजारात दखनी वापरतो आणि चित्रपट तेलुगू पाहतो. त्याला नट व्हायचे आहे. गावच्या उत्सवात कानडी नाटकात काम केले तर मराठी नातलग नाक मुरडतात. मराठीत करावे म्हटले तर तेथे मराठी रंगभूमी औषधालाही नाही. ‘‘रजनीकांत मराठी आहे, हे वाचून आमच्या पोराने काय करावे?’’ असे त्यांनी विचारले आहे.

प्रश्न तिरकस आहे. पण रास्त आहे. त्याचे उत्तर द्यावयाचे तर प्रथम चिटगुप्पा म्हणजे काय आणि मग शिवाजीरावाचा रजनीकांत झाला तो कसा, या दोन्ही गोष्टी नीट पाहिल्या पाहिजेत. दुसऱ्या गोष्टीविषयी आपल्याकडे दंतकथा पुष्कळ आणि विचार थोडा अशी स्थिती आहे.

चिटगुप्पा हे एकेकाळी हुमनाबाद तालुक्यातील गाव. आता ते स्वतःच तालुक्याचे ठिकाण झाले आहे. कलबुर्गी जिल्ह्याची हद्द तेथून जवळ, तेलंगणाची फारशी दूर नाही, आणि महाराष्ट्रही दिवसाच्या प्रवासात जाऊन यावे इतक्या अंतरावर. जुन्या निजामी बीदर जिल्ह्यात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषा एका कचेरीच्या आवारात ऐकू येत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद संस्थान विसर्जित झाले आणि त्यासरशी बीदर जिल्ह्याचेही तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग मुंबई राज्यात आला, झहिराबाद व नारायणखेड आंध्रात गेले, आणि बीदर, हुमनाबाद, भालकी, औराद, बसवकल्याण हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिला. नकाशावर रेषा मारणाऱ्यांनी आपले काम पुरे केले. माणसांच्या घरातील भाषा मात्र रेषा पाहून बदलत नसते. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात एकोणिसाव्या शतकात माणिकप्रभूंनी मराठी, कानडी आणि हिंदी अशा भाषांत पदे रचली. त्यांचे ‘मातृभाषा’ या सदरात काय लिहावे, असा प्रश्न त्या काळी कुणास पडला नाही. तो आमच्या पिढ्यांनी निर्माण केला. गोव्यातील वाचकांस तर हे विस्ताराने सांगण्याचे कारणच नाही. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आणि १९८७ चा राजभाषा कायदा यांच्या दोन्ही बाजूंनी एकाच घरातील माणसे उभी राहिलेली आपण पाहिली आहेत.

आता शिवाजीराव गायकवाड. जन्म १२ डिसेंबर १९५०, बंगलोर. वडील रामोजीराव पोलीस शिपाई. पूर्वजांचे मूळ गाव पुरंदर तालुक्यातील, जेजुरीजवळचे मावडी कडेपठार असे सांगतात. पुढे घराणे दक्षिणेत उतरले आणि आजच्या तमिळनाडूतील कृष्णगिरी भागात, नाचिकुप्पम या गावी काही काळ स्थिरावले, असेही सांगितले जाते. म्हणजे पुरंदरची माती, तमिळ प्रदेशातील मुक्काम आणि कानडी मुलखातील नोकरी असा हा प्रवास. तो नवलाचा नाही. शहाजीराजांना बंगलोरची जहागीर मिळाली आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी तंजावरच्या गादीवर बसले, तेव्हापासून हा रस्ता मराठी माणसाच्या पायाखालचा आहे. त्या रस्त्याने सरदार गेले, कीर्तनकार गेले, शिंपी गेले आणि शिपाईही गेले. इतिहास सरदारांचा लिहिला गेला. शिपायांच्या मुलांचा लिहिला गेला नाही. पोलीस शिपायाने धाकट्या मुलाचे नाव शिवाजी ठेवावे यात त्या विस्मृत इतिहासाची एक खूण उरली आहे, इतकेच.

१९५६ मध्ये वडील निवृत्त झाले आणि कुटुंब हनुमंतनगर या उपनगरात राहावयास गेले. चिटगुप्पा आणि बंगलोर ही दोन्ही गावे एकाच राज्यात आली तीही त्याच वर्षी. मुलगा नऊ वर्षांचा असताना आई गेली. थोरले बंधू सत्यनारायणराव यांनी त्याला वाढविले. गवीपुरममधील सरकारी कानडी शाळेत तो शिकला. अभ्यासात बरा होता, अंगात खोडकरपणा भरपूर होता. तो ताळ्यावर यावा म्हणून बंधूंनी त्याला रामकृष्ण मठात पाठविले. तेथे वेदपठण होते, पुराणकथा होत्या आणि नाटकेही होती. महाभारतावरील एका नाटकात एकलव्याच्या मित्राची भूमिका त्याने केली आणि ती पाहून कवी द. रा. बेंद्रे यांनी त्याचे कौतुक केले, अशी हकीकत त्याच्या चरित्रकथनांत येते.

या हकिकतीपाशी आम्ही क्षणभर थांबतो. बेंद्रे हे कानडीचे वरकवी. पण त्यांच्या घरची भाषा मराठी होती. धारवाडच्या मराठी घरात जन्मलेल्या माणसाने कानडी कवितेचे आकाश उंचावले आणि पुढे ‘नाकु तंति’साठी ज्ञानपीठ मिळविले. त्या दिवशी मठात एक मराठी घरातला मुलगा कानडी बोलत रंगमंचावर उभा होता आणि एक मराठी घरातला कवी कानडीतून त्याची पाठ थोपटत होता. त्या दोघांपैकी कुणालाही आपण काही गमावीत आहोत असे वाटले असेल, हे आम्हांस संभवत नाही. गमावल्याची हळहळ पुढे आपण केली, आणि तीही बेंद्र्यांना ज्ञानपीठ आणि रजनीकांतांना कीर्ती मिळाल्यावर.

पुढची काही वर्षे ओढगस्तीची. आचार्य पाठशाळेतील शिक्षण आटोपल्यावर मुलाने मिळेल ते काम केले. हमालीही केली. अखेर बंगलोर ट्रान्सपोर्ट सर्व्हिसमध्ये कंडक्टरची नोकरी लागली. या नोकरीभोवती दंतकथांचे एवढे जाळे विणले गेले आहे की त्यातील खरे किती आणि रचलेले किती, हे आता सांगणे अवघड झाले आहे. तिकिटे फाडण्याची त्याची ढब पाहण्यासाठी लोक गाडी सोडून त्याच्या गाडीची वाट पाहात, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, कंडक्टरच्या कामात नटाला उपयोगी पडेल असे पुष्कळ असते हे कुणीही मान्य करील. भरल्या गाडीत, हलत्या जमिनीवर तोल सांभाळीत, एका हाताने पैसे घ्यावयाचे, दुसऱ्याने तिकीट द्यावयाचे, सुट्ट्या पैशांवरून भांडणाऱ्याला शब्दाने नमवावयाचे, आणि हे सर्व पन्नास जोडी डोळ्यांसमोर. बंगलोरच्या गाडीत तर कानडी, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि मराठी असे सारेच उतारू. कोणत्या उतारूशी कोणत्या भाषेत बोलावयाचे हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखण्याची कला चिटगुप्प्याच्या बाजारातील दुकानदारास जशी अवगत असते, तशीच या कंडक्टरास असली पाहिजे. फुरसतीच्या वेळी तो कानडी पौराणिक नाटकांत कामे करीत असे. नाटककार टोपी मुनिअप्पा यांनी त्याला संधी दिली होती.

१९७३ मध्ये मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील अभिनयाच्या अभ्यासक्रमाची जाहिरात त्याच्या पाहण्यात आली. घरच्यांचा कल अनुकूल नव्हता. सरकारी म्हणावी अशी नोकरी सोडून तेवीस वर्षांचा मुलगा नट होण्यासाठी मद्रासला जातो, हे ऐकून कोणत्या घरात पेढे वाटले जातील? त्या वेळी त्याच्या पाठीशी उभा राहिला तो राज बहादूर हा बसवरील सहकारी, ज्या गाडीत शिवाजीराव कंडक्टर त्या गाडीचा चालक. ‘तू जा’ असे तो म्हणाला आणि तेथेच थांबला नाही. आपल्या पगारातून मित्राला पैसे पुरवीत राहिला. एका बसचालकाच्या पगारातून दोन माणसांची पोटे भरणे म्हणजे काय, हे ज्यांनी महिनाअखेर पाहिली आहे त्यांनाच कळेल. शिष्यवृत्त्या, विद्यापीठे, परिषदा, अकादम्या यांचा संभार आपण उभारला आहे खरा. परंतु भारतीय चित्रपटाला या माणसाचा लाभ झाला तो एका चालकाने महिन्याच्या महिन्याला मोजून दिलेल्या नोटांमुळे.

मद्रासमध्ये शिकत असता के. बालचंदर यांनी त्याला एका नाट्यप्रयोगात पाहिले. दक्षिणेतील हा दिग्दर्शक मूळचा नाटकवाला; नवे चेहरे हेरण्याची त्यांची नजर प्रसिद्ध होती. त्यांनी या तरुणाला सल्ला दिला तो अगदी रोकडा होता : तमिळ बोलावयास शीक. मिठीबिठी काही नाही, ‘तुझ्यात नट आहे’ अशी भाषणे नाहीत. भाषा शीक. आणि याने ती शिकली. गायकवाड आडनावाच्या, कानडी शाळेत वाढलेल्या माणसाने तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी नवी भाषा कानाने उचलली आणि त्याच भाषेत तो पुढील पन्नास वर्षे बोलत राहिला.

नावाचीही एक गंमत आहे. तमिळ पडद्यावर तेव्हा शिवाजी गणेशन यांचे राज्य होते. हे गणेशन जन्माने तमिळ. अण्णादुराईंनी लिहिलेल्या नाटकात त्यांनी छत्रपतींची भूमिका इतकी उत्तम वठविली की पेरियार रामस्वामींनी त्यांना ‘शिवाजी’ हे नाव बहाल केले. आता दुसरा शिवाजी नको म्हणून बालचंदर यांनी आपल्याच ‘मेजर चंद्रकांत’ या १९६६ च्या चित्रपटातील एका पात्राचे नाव या नवख्याला दिले, आणि शिवाजीराव गायकवाडाचा रजनीकांत झाला. म्हणजे छत्रपतींचे नाव तमिळ माणसाने नाटकातून मिळविले होते, म्हणून ते बारशात मिळालेल्या मराठी माणसास सोडावे लागले! आपल्याकडील अस्मितेच्या व्याख्यात्यांनी या घटनेवर अद्याप एकही भाषण कसे केले नाही, याचे आम्हांस आश्चर्य वाटते. सोडलेले नाव मात्र पुढे मोठ्या अक्षरांत परत आले : २००७ मध्ये शंकर यांनी रजनीकांतांना घेऊन जो चित्रपट केला त्याचे नावच ‘शिवाजी’.

१९७५ च्या ऑगस्टमध्ये ‘अपूर्व रागंगळ’ प्रदर्शित झाला. त्यात रजनीकांतांच्या वाट्याला आलेली भूमिका अगदी छोटी : नायिकेचा परागंदा झालेला, आजाराने खंगलेला नवरा. दाढी वाढलेला, अवस्था विपन्न, आणि पहिलेच दृश्य एका घराचे फाटक लोटून आत येण्याचे. नंतरच्या वर्षी पुट्टण्णा कणगाल यांच्या ‘कथासंगम’ या कानडी चित्रपटात एका आंधळ्या मुलीवर अत्याचार करणारा गुंड, ‘मून्रु मुडिचु’मध्ये मित्र पाण्यात बुडत असता तो थंडपणे पाहात राहणारा माणूस. १९७७ मध्ये भारतीराजांच्या ‘पदिनारु वयदिनिले’मधील परट्टै हा गावगुंड. ज्याला पुढे कोट्यवधी लोकांनी तारणहार मानले त्याने आपली पहिली वर्षे पडद्यावर दुष्टाव्यात काढली, ही गोष्ट आज तरुण प्रेक्षकांस सांगूनही पटणार नाही. आमचे मत असे आहे की ही वर्षेच त्याचे खरे विद्यापीठ ठरली. नायकाला लोकांच्या प्रेमाची हमी असते. खलनायकाला लोकांचे डोळे आपल्याकडे खेचून घ्यावे लागतात. सिगारेट हवेत उडवून ओठांत झेलणे, गॉगल फिरविणे, केसांतून हात नेणे, ताडकन मान वळविणे या ज्या लकबींना आज ‘स्टाइल’ म्हणून पुजले जाते, त्या दुय्यम पात्राला पडद्यावर जागा मिळवून देणाऱ्या होत्या.

बोलण्याचेही तसेच. त्याच्या तमिळ उच्चारात परकेपणा होता. दुसरा कुणी असता तर त्याने तो लपविण्यात आयुष्य घालविले असते. याने वाक्य इतक्या वेगाने फेकण्यास सुरुवात केली की वैगुण्य हीच ढब झाली. येथे आम्हांस एका मराठी नटाची आठवण होते. मूकपटांच्या काळात मास्टर विठ्ठल हे तलवारबाजीच्या चित्रपटांचे अनभिषिक्त राजे होते. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट मुंबईत झळकला, त्याचे नायक हेच. परंतु त्यांचे हिंदी-उर्दू उच्चार पुरेसे साफ नव्हते म्हणून नायकाला बराच काळ गुंगीत दाखवावे लागले, असे सांगतात. मूकपटांतला त्यांचा दरारा बोलपटांत उरला नाही. जिभेने दगा दिला. चव्वेचाळीस वर्षांनी तोच पेच एका कंडक्टरपुढे पडला आणि त्याने तो जिद्दीने सोडविला. शरीराचे नट भाषेवाचून चालतील असे आपण मानतो. साहसपटांचा इतिहास तसे सांगत नाही.

खलनायकीतून नायकीकडे जाण्याची वाट १९७७ च्या ‘भुवना ओरु केळ्विकुरी’ने दाखविली. दिग्दर्शक एस. पी. मुत्तुरामन यांनी त्यात त्यांना सज्जन माणसाची भूमिका दिली. १९७८ मध्ये ‘भैरवी’त ते प्रथमच एकटे नायक झाले. त्या चित्रपटाचे वितरक एस. थाणू यांनी जाहिरातीत ‘सुपरस्टार’ ही पदवी छापली. ती चिकटली ती कायमची. आम्हांस मात्र त्याच वर्षीचा ‘मुळ्ळुम मलरुम’ अधिक मोलाचा वाटतो. महेंद्रन यांच्या या चित्रपटात डोंगरातील वीजप्रकल्पावर विंच चालविणारा काळी हा कामगार आहे. वरिष्ठ अभियंत्यापुढे न वाकणारा, बहिणीवर जीव टाकणारा, अपघातात हात गमावलेला. ठोसे-गुद्दे त्यात नसल्यासारखेच आहेत, आणि तरीही पडद्यावरील रागाचा इतका खरा आविष्कार या नटाने पुढे क्वचितच केला. शेवटी बहीण आपली म्हणून तिच्या पसंतीला तो संमती देतो, पण तो अभियंता आपल्याला अजूनही आवडत नाही असे ठणकावून सांगतो. ज्यांना रजनीकांत म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे नियम मोडणारा गडी एवढेच ठाऊक आहे, त्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा.

त्या एका वर्षात वीसच्या आसपास चित्रपट, तेही तीन भाषांत. माणसाचे शरीर म्हणजे काही बी. टी. एस. ची गाडी नव्हे. तीसुद्धा रात्री डेपोत उभी करतात. १९७९ च्या सुमारास अतिश्रमाने त्यांची प्रकृती आणि मनःस्वास्थ्य ढासळले. हा गडी संपला, असे मद्रासमध्ये बोलले जाऊ लागले. १९८० मध्ये ‘डॉन’ची तमिळ आवृत्ती ‘बिल्ला’ आली आणि ती कुजबूज थांबली. त्याच वर्षी ए. व्ही. एम. च्या ‘मुरट्टु काळै’ने त्यांना साहसपटांचा नायक म्हणून खेड्यापाड्यांत पोचविले. मस्तवाल बैलाला आवरणे, आगगाडीवरील हाणामारी आणि खलनायक म्हणून कालपर्यंतचे नायक जयशंकर, असा तो बेत. ‘बिल्ला’ शहरी, ‘मुरट्टु काळै’ गावरान. दोन्हीकडे टाळ्या पडल्यावर प्रश्नच उरला नाही. १९८३ मध्ये ‘अंधा कानून’ने हिंदीतही प्रवेश झाला, पण तेथे त्यांचे घर झाले नाही. घर तमिळमध्ये होते. मराठीत एकही चित्रपट नाही.

हे शेवटचे वाक्य आपल्याला सलते. ते सलावे असे आम्हांस वाटत नाही. मराठी चित्रपटाने त्या तरुणाला कोणते आवतण दिले होते? त्याने नोकरी सोडली त्या साली बंगलोरच्या मराठी घरातील होतकरू नटासाठी पुण्या-मुंबईहून कुणी दिवा घेऊन उभे नव्हते. मराठी पडद्याने विनोदाचे नायक दिले, तमाशापटांचे दिले, कौटुंबिक चित्रपटांचे दिले. साहसपटाचा नायक त्याने घडविलाच नाही; मास्टर विठ्ठलांचा आणि स्टंटपटांनी गिरणगावाला वेड लावणाऱ्या भगवानदादांचा वारसा आपण केव्हाच मोडीत काढला. तेव्हा आमच्या घरी चूल नव्हती, आणि पाहुणा दुसरीकडे जेवला म्हणून आम्ही रुसलो आहोत.

तीन भाषांच्या सांध्यावर उभे राहणाऱ्याला किंमतही मोजावी लागते, हे मात्र चिटगुप्प्याच्या तरुणाने ध्यानात घ्यावे. कावेरीच्या पाण्यावरून कर्नाटक आणि तमिळनाडू यांचे वितुष्ट वाढले की दोन्हीकडून या एका माणसाकडे बोट दाखविले जाते. ऑक्टोबर २००२ मध्ये तमिळ चित्रपटवाल्यांनी नैवेलीला मोर्चा नेला. रजनीकांत त्यात गेले नाहीत, त्यावरून टीका झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चेन्नईत स्वतंत्र उपोषण केले. २००८ मध्ये होगेनक्कल पाणीयोजनेच्या वादात ते तमिळनाडूच्या बाजूने बोलले तेव्हा कर्नाटकात त्यांच्या ‘कुसेलन’वर बंदीची भाषा निघाली, आणि चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी त्यांना खेद व्यक्त करावा लागला, त्यावर तमिळनाडूत काहीजण नाराज झाले ते वेगळेच. मे २०१७ मध्ये राजकारणप्रवेशाची चर्चा सुरू असता, हा मराठी, हा कन्नडिग, असे आक्षेप पुन्हा उठले. तेवीस वर्षे कर्नाटकात आणि चव्वेचाळीस वर्षे तमिळनाडूत राहिलो, तमिळ लोकांनीच मला तमिळ केले, असे त्यांनी चाहत्यांपुढे सांगितले. डिसेंबर २०२० मध्ये प्रकृतीच्या कारणाने राजकारणाचा बेत त्यांनी सोडला. त्या २०१७ च्या उत्तरावर आपल्याकडे काहींनी भुवया उंचावल्या. आम्हांस ते उत्तर प्रामाणिक वाटते. ज्या भाषेने भाकरी दिली, नाव दिले, तिला आपली म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे? आणि त्यामुळे घरातली मराठी कुठे जाते?

आता पुतण्याविषयी. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा सीमावाद महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने मिटला नाही आणि न्यायालयात गेल्यानेही अजून मिटलेला नाही. बीदरच्या मराठी भाषकांना त्यांच्या मुलांसाठी मराठी शाळा, मराठी पुस्तके, मराठी कागदपत्रे मिळावीत, ही मागणी न्याय्यच आहे आणि ती आम्ही सोडणार नाही. ती मागणी नट होऊ पाहणाऱ्या मुलाने कानडी रंगभूमीकडे पाठ फिरवून पुरी होणार आहे, असे मात्र कुणी समजू नये. कलबुर्गीत कर्नाटक शासनाचे रंगायण आहे. बंगळुरूत राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे केंद्र आहे. दोन्ही ठिकाणी चिटगुप्प्याच्या मुलाला दाखला लागतो तो कर्नाटकचा, आणि तो त्याच्यापाशी आहे. पुण्याच्या चित्रपटसंस्थेचा दरवाजाही त्याला बंद नाही. नाक मुरडणाऱ्या नातलगांपैकी एखाद्याने राज बहादूरच्या हिशेबाने दोन वर्षे दरमहा पैसे पाठवावे. मग मुलगा कोणत्या भाषेत टाळ्या घेतो याची चौकशी करण्याचा अधिकार त्याला येईल. महाराष्ट्रातील संस्थांनाही हेच सांगावेसे वाटते. सीमाभागातील तरुणांसाठी शिष्यवृत्ती द्यावयाची असेल तर तिच्या अर्जात ‘मराठीतच काम करीन’ अशी अट घालू नये. अट घातली की अर्ज येतील. नट येणार नाहीत.

२५ ऑक्टोबर २०२१ रोजी दिल्लीत रजनीकांतांना २०१९ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यात आला. त्र्यंबकेश्वरच्या मराठी माणसाच्या नावाचा पुरस्कार पुरंदरकडच्या गायकवाडास मिळाला, असे मथळे दुसऱ्या दिवशी आपल्याकडे आले. त्यांनी स्वतः तो तीन माणसांना अर्पण केला : गुरू बालचंदर, थोरले बंधू सत्यनारायणराव गायकवाड, आणि बस चालविणारा मित्र राज बहादूर. मग त्यांनी तमिळ जनतेचे आभार मानले. बालचंदर २०१४ मध्येच गेले होते. आज ते असते तर किती बरे झाले असते, असेही ते म्हणाले.